देवळांतील वह्या, भिंतीवरील तसबिरी आणि घराण्यांचा शोध

देवळाच्या ज्युबिलीचें वर्ष आलें कीं देवळाचा इतिहास लिहिला जातो. पाया कोणत्या सालीं घातला, घंटा कोठून आणिली, कोणकोणते विगार येऊन गेले, छप्पर किती वेळां बदललें, हें सारें सांगितलें जातें व तें योग्यच आहे. परंतु त्या छपराखालीं ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकले त्या घराण्यांचा इतिहास बहुधा लिहावयाचा राहून जातो. यंदा तो विचारावयास लोक आपण होऊन आमच्याकडे येऊं लागले आहेत. कोणी आजीची तसबीर कापडांत गुंडाळून आणितो, कोणी मोबाइलवर रचलेला वंशवृक्ष दाखवितो, कोणी परदेशांतून पत्र पाठवून पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागतो. या निमित्तानें, वसई प्रांतांतील ख्रिस्ती घराण्यास आपला माग किती दूरवर काढतां येईल, त्यास साधनें कोणतीं, आणि नवीं यंत्रें त्या कामीं कोठें उपयोगीं पडतात व कोठें दगा देतात, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वह्यांविषयीं. आज आपण देवळाच्या कचेरींत येऊन नांव सांगतों आणि कारकून वही उघडून दाखला लिहून देतो, यांत कोणास नवल वाटत नाहीं. पण ही चाल आपोआप पडलेली नाहीं. त्रेंतच्या धर्मसभेनें आपल्या चोविसाव्या बैठकींत, ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं, विवाहासंबंधींचा जो हुकूम काढिला त्यांत प्रत्येक धर्मगुरूनें वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, लग्नाचा दिवस व स्थळ वहींत लिहून ती वही जपून ठेवावी असें फर्माविलें. बाप्तिस्म्याच्या वेळीं उभ्या राहणाऱ्या पाद्रीन-मादरीन यांचीं नांवें लिहून ठेवावीं असेंहि तेथेंच ठरलें. हेतु वंशावळीचा नव्हता. चोरून लग्नें लागूं नयेत, आणि रक्ताच्या किंवा धर्माच्या जवळच्या नात्यांत विवाह होऊं नये, एवढीच काळजी होती. पुढें इ. स. १६१४ मध्यें पोप पांचवे पौल यांच्या काळीं निघालेल्या रोमन विधिग्रंथानें बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न व मृत्यु या चार वह्यांबरोबर एक पांचवी वही ठेवावयास सांगितलें. तिला लॅटिन भाषेंत 'स्तातुस आनिमारुम', म्हणजे आत्म्यांची स्थिति, असें म्हणतात. कोणत्या घरांत कोण राहतो, त्याचें वय काय, कम्युनियन कोणास मिळालें आहे, दृढीकरण कोणाचें राहिलें आहे, असें त्या वहींत घरोघर फिरून लिहावयाचें असतें. आत्म्यांच्या हिताकरितां केलेली ही यादी आज वंशाचा शोध करणारास सोन्याची खाण वाटते. ज्या देवळांत ती शाबूत आहे तेथील लोक भाग्यवान होत.

बाप्तिस्म्याच्या वहींत नोंदीच्या बाजूला कोरी जागा सोडलेली असते, तिच्याकडेहि शोधकाचें लक्ष असावें. पोप दहावे पायस यांच्या १९०७ सालच्या हुकुमाप्रमाणें, जो १९०८ च्या ईस्टरपासून अमलांत आला, लग्न लावणाऱ्या धर्मगुरूस त्या लग्नाची खबर वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या देवळास कळवावी लागते, आणि तेथील विगार ती त्या कोऱ्या जागेंत लिहून ठेवितो. त्यामुळें नंदाखालची मुलगी लग्न होऊन वांद्र्यास गेली, तर तिच्या बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारीं वांद्र्याचें नांव व तारीख सांपडावी. एका वहींतून दुसऱ्या वहींत नेणारा हा पूल आहे. आमचा अनुभव असा कीं, संगणकावर तासन्‌तास घालवूनहि जें सांपडत नाहीं, तें पुष्कळदां या समासांतील दीड ओळींत सांपडतें.

असें असतां वसईच्या माणसानें आपला वंश थेट १५३४ सालापर्यंत नेऊं म्हटलें तर निराशा पदरीं येते. त्या सालच्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली, आणि पुढील दोनशें वर्षांत येथें देवळें व मठ उभे राहिले. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. त्या धामधुमींत पुष्कळ देवळें ओस पडलीं. जेथें छप्पर राहिलें नाहीं तेथें वह्या कोठून राहणार? मागें राहिलेल्या लोकांची धर्मसेवा बहुतकरून गोमंतकांतून आलेल्या देशी धर्मगुरूंनीं केली, आणि आज आमच्या हातीं जें कांहीं आहे त्याचें श्रेय त्यांसच द्यावें लागतें. शिवाय आमचा पावसाळा व आमची वाळवी हीं कोणत्याहि लढाईपेक्षां कमी नाहींत. जुनी शाई लोखंडाचे क्षार घालून केलेली असे. दमट हवेंत ती कागद खाऊन टाकते, आणि मग अक्षराच्या जागीं अक्षराच्याच आकाराचें भोंक दिसतें. तेव्हां एखाद्या घराण्याचा धागा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नीट लागला तर समाधान मानावें, आणि तो अठराव्या शतकांत शिरला तर तें विशेष समजावें.

दुसरी अडचण अधिकारक्षेत्राची. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो व रोमची प्रोपागांदा यांच्या तंट्यामुळें मुंबई व साष्टीकडे कित्येक ठिकाणीं एकाच वस्तींत दोन देवळें झालीं, आणि सख्खे भाऊ दोन निरनिराळ्या वह्यांत लिहिले गेले. १८८६ च्या करारानंतर वसईचा भाग दमणच्या बिशपांकडे होता. १९२८ सालीं तें पीठ मोडलें व आम्ही मुंबईस जोडले गेलों. मे १९९८ पासून वसईचा धर्मप्रांत स्वतंत्र आहे. ज्याला आपल्या आजोबांचे कागद शोधावयाचे आहेत त्यानें हा क्रम ध्यानांत ठेवावा, कारण कागद माणसाच्या मागें जात नाहींत, बिशपांच्या कचेरीच्या मागें जातात.

तिसरी अडचण भाषेची. वह्या कांहीं काळ पोर्तुगीजांत, कांहीं काळ लॅटिनमध्यें, मग इंग्रजींत व अलीकडे मराठींत आहेत. घरांत ज्याला बस्त्याव म्हणत तो वहींत सेबास्तियांव आहे. पास्कू हा पास्कोआल, दुमिंग हा दोमिंगोस, आणि इनास हा इग्नासियो. थोरल्या मुलास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल असल्यामुळें एकाच आळींत एकाच वेळीं तीन इनास निघतात. अशा वेळीं नांवापेक्षां पाद्रीनकडे पाहावें. पाद्रीन-मादरीन बहुधा आत्या, मामा, काका यांपैकींच असतात, आणि ते ओळखले कीं तीन इनास आपोआप वेगळे होतात.

आडनांवांची गोष्ट तर अधिकच घोटाळ्याची. परेरा, लोपीस, डायस, रॉड्रिग्ज, आल्मेडा हीं आडनांवें बाप्तिस्म्याबरोबर आलेलीं आहेत. आडनांव सारखें म्हणून रक्त सारखें असें मुळींच नाहीं. एका लोपीसाचा शेजारच्या लोपीसाशीं कांहींहि संबंध नसेल, आणि जातीचा, धंद्याचा व आळीचा संबंध मात्र भिन्न आडनांवाच्या मनुष्याशीं असेल. आळीचें नांव आणि घराचें टोपणनांव हींच आमचीं खरीं आडनांवें होत. तीं वहींत क्वचित् असतात व म्हाताऱ्यांच्या तोंडीं नेहमीं असतात.

यांत भर घालावयास एक शब्द आहे, त्यानें पुष्कळांस फसविलें आहे. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी कागदांत मुंबई, साष्टी व वसईकडील देशी कॅथलिकांस 'पोर्तुगीज' असें लिहिलेलें आढळतें. त्याचा अर्थ एवढाच कीं हे लोक पोर्तुगीज अमलांत ख्रिस्ती झालेल्यांचे वंशज. गोव्याहून व मंगळुराहून मुंबईस येणाऱ्या कॅथलिकांपासून आपली ओळख निराळी राहावी म्हणून १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, येथील लोकांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें व त्या नांवाची संस्था मुंबईंत स्थापिली. त्यापूर्वींच्या कागदावर पणजोबांपुढें 'पोर्तुगीज' लिहिलेलें पाहून ते लिस्बनहून आले असें समजूं नये.

हें आम्ही उगाच सांगत नाहीं. आखाती देशांत नोकरी करणारा आमच्याच धर्मग्रामांतील एक तरुण रजेवर आला असतां आपला वंशवृक्ष दाखवावयास आमच्याकडे आला. मोबाइलच्या पडद्यावर बोट वर सरकवीत सरकवीत त्यानें आम्हांस सतराव्या शतकांतील लिस्बन शहरांतल्या एका सरदारापर्यंत नेलें. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून आम्हांस पुढें बोलणें जड गेलें. हीं संकेतस्थळें कशीं चालतात तें सांगितलें पाहिजे. आपण बापाचें, आजाचें नांव घातलें कीं यंत्र आपल्या भांडारांत तशाच नांवाचा व त्याच सुमाराच्या सालाचा मनुष्य शोधतें, आणि हाच तुमचा पूर्वज काय, असें विचारतें. आपण होय म्हटलें कीं त्या मनुष्याचे सारे पूर्वज, दुसऱ्या कोणींतरी लिहिलेले, एका क्षणांत आपल्या झाडास येऊन चिकटतात. यंत्र खोटें बोलत नाहीं. तें फक्त विचारतें. होय म्हणणारा मनुष्य असतो. या तरुणाच्या हातीं 'पोर्तुगीज' लिहिलेला एक इंग्रजी कागद होता, आडनांव लिस्बनमध्येंहि सर्वत्र आहे, आणि त्यानें होय म्हटलें.

आम्हीं लग्नाची जुनी वही काढिली. ज्या पूर्वजाचा बाप लिस्बनचा म्हणून लावला होता, त्याच्या लग्नाच्या नोंदींत त्या बापाचा उल्लेख स्पष्ट होता: 'नातुराल देश्ता फ्रेगेझीया', म्हणजे याच धर्मग्रामांत जन्मलेला, आणि पुढें 'लाव्रादोर', म्हणजे शेतकरी. तरुणानें तत्काळ मोबाइल त्या ओळीवर धरून भाषांतर करविलें आणि तो एकदम गप्प झाला. 'नातुराल' या शब्दावर त्याचें बोट थांबलें होतें, कारण पोर्तुगीज भाषेंत 'फिल्यो नातुराल' म्हणजे विवाहाबाहेर झालेला पुत्र, हें त्यानें कोठेंतरी वाचलें होतें. येथें तो अर्थ नाहीं. एखाद्या स्थळाच्या नांवापूर्वीं तोच शब्द आला म्हणजे 'तेथें जन्मलेला' असा साधा अर्थ होतो, हें आम्हीं त्यास दुसऱ्या दहा नोंदी दाखवून पटविलें. सरदार गेला व शेतकरी आला. "मग फादर, आमचें मूळ कोठलें?" असें त्यानें विचारलें. आम्हीं खिडकींतून केळीच्या वाड्या दाखविल्या. तो हंसला खरा, पण त्यानें लिस्बनची फांदी मोबाइलवरून तोडली किंवा नाहीं तें आम्हीं विचारलें नाहीं.

(येथेंच एक खुलासा करावा. पोर्तुगालचें नागरिकत्व मिळेल या आशेनें कोणी कोणी जुने दाखले मागावयास येतात. तो कायदा १९ डिसेंबर १९६१ पूर्वीं गोवा, दमण व दीव येथें जन्मलेल्यांस व त्यांच्या संततीस लागूं पडतो. वसई १७३९ सालींच गेली. देवळाचा दाखला कितीहि जुना असला तरी तो वसईकरांस लिस्बनला नेणार नाहीं.)

आतां तसबिरींकडे वळूं. वहींत नांव असतें, चेहरा नसतो. तसबिरींत चेहरा असतो, आणि नांव बहुधा नसतें. फोटोची कला १८३९ सालीं फ्रान्स व इंग्लंडांत जाहीर झाली आणि मुंबईस ती लवकरच पोंचली. १८५४ मध्यें मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व तिच्यांत डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकहि होते. तथापि हा खर्चाचा शोक होता. वसईकडील साध्या शेतकऱ्याच्या किंवा कोळ्याच्या घरीं तसबीर आली ती पुष्कळ मागाहून, आणि तीहि मुंबईस जाऊन, लग्नाच्या निमित्तानें, एखाद्या स्टुडियोच्या रंगविलेल्या पडद्यापुढें उभें राहून काढलेली. तेथील खांब लांकडाचा व रंगविलेला, टेबलावरचें पुस्तक स्टुडियोचें, आणि कित्येकदां अंगांतला कोट व घड्याळाची साखळीहि स्टुडियोचीच. नातवंडांनीं त्या साखळीवरून घराण्याची श्रीमंती ठरवूं नये.

तसबिरीचें वय ओळखण्यास कांहीं खुणा आहेत. सुमारें अडीच इंच रुंद व चार इंच लांब अशा जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला छोटा फोटो असेल, तर तो १८५४ सालीं पॅरिसच्या दिस्देरी यानें पेटंट घेतलेल्या पद्धतीचा, ज्यास कार्त-द-व्हिजीत म्हणतात, आणि बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. सव्वाचार इंच रुंद व साडेसहा इंच लांब असा मोठा पुठ्ठा असेल, तर तो १८६६ च्या सुमारास प्रचारांत आलेला कॅबिनेट. कागद पातळ, चकचकीत व पिवळट झालेला असेल तर त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर आहे असें समजावें. ही रीत शतक संपतां संपतां मागें पडली. पुठ्ठा उलटून मागें पाहण्यास विसरूं नये. तेथें स्टुडियोचें नांव व पत्ता छापलेला असतो, आणि तो स्टुडियो त्या पत्त्यावर कोणत्या सालांत होता हें जुन्या जाहिरातींवरून व व्यापारी पंचांगांवरून काढतां येतें. १८८८ सालीं कोडॅक निघाला, १९०० सालीं एक डॉलर किंमतीचा ब्राउनी कॅमेरा आला, आणि त्यानंतर हळूहळू घरच्या अंगणांतले, हंसणारे, हललेले फोटो दिसूं लागतात.

आमच्या लोकांत आणखी एक प्रकारची तसबीर सांपडते, तिच्याविषयीं लिहावें कीं नाहीं असा विचार पडला होता. शवपेटीभोवतीं सारें कुटुंब उभें करून काढलेला फोटो. तरुण पिढीस तो अमंगळ वाटतो व ती तो पेटींत तळाशीं ठेविते. परंतु ज्या म्हाताऱ्यानें उभ्या जन्मांत कॅमेऱ्याचें तोंड पाहिलें नाहीं त्याचा तो पहिला व शेवटचा चेहरा असतो. आणि त्याच्याभोवतीं त्या दिवशीं गांवांत असलेले सगळे मुलगे, सुना, लेकी, जांवई व नातवंडें हजर असतात. मृत्यूच्या वहींतील तारीख त्या फोटोस तंतोतंत लागते. वंशाच्या शोधास याहून उत्तम तसबीर नाहीं. ती जाळूं नये.

आतां यंत्रांनीं तसबिरींस रंग देण्याविषयीं. हल्लीं मोबाइलवर एक कळ दाबली कीं काळापांढरा फोटो रंगीत होतो. एका भगिनीनें आपल्या पणजीचा असा रंगविलेला फोटो आम्हांस दाखविला. पणजीचें लुगडें यंत्रानें काळपट तपकिरी रंगाचें केलें होतें, आणि घरांत अशी समजूत झाली होती कीं पणजीनें तें दुखवट्यांत नेसलेलें होतें. वस्तुतः जुन्या कांचेवरील मसाल्यास निळा प्रकाश चटकन् दिसे व लाल प्रकाश दिसतच नसे. म्हणून निळें आकाश पांढरें उमटे आणि लाल वस्तु काळी. सर्व रंग यथाप्रमाण टिपणाऱ्या कांचा १९०६ पासून बाजारांत मिळूं लागल्या, आणि गांवोगांवच्या फोटोग्राफरांपर्यंत त्या पोंचण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं. आमच्याकडील बायकांचें लुगडें लाल असे, हें गांवांतील कोणतीहि म्हातारी सांगेल. म्हणजे जुन्या फोटोंत जें काळें दिसतें तें लग्नाचें लाल लुगडें असण्याचाच संभव अधिक. यंत्रास वसई ठाऊक नाहीं. तें लक्षावधि परक्या चित्रांवरून अटकळ बांधतें. पणजीस नव्वदीच्या घरांतील सुनेनें पाहिलेलें होतें. तिला विचारतां ती म्हणाली, "लालच होतें कीं रे बाबा, आमच्यांत दुसरें कोण नेसतें?"

याहूनहि पुढची मजल २०२१ च्या फेब्रुवारींत मायहेरिटेज या वंशावळीच्या कंपनीनें गांठली. तिच्या यंत्रांत मृत माणसाचा फोटो घातला कीं तो डोळे मिचकावतो, मान वळवितो व किंचित् हंसतो. कित्येकांच्या डोळ्यांत तें पाहून पाणी आलें. आम्ही त्यांच्या भावनेची थट्टा करणार नाहीं. पण तें हंसणें दुसऱ्याच कोणाचें तरी आहे. आधीं टिपून ठेवलेल्या हालचाली आपल्या आजोबांच्या तोंडावर बसविलेल्या आहेत. त्याचप्रमाणें पुसट चेहरा स्पष्ट करणारीं यंत्रें जेथें डोळा दिसत नाहीं तेथें एक नवा डोळा घालतात. आमचें मत असें कीं, असा फोटो करावयाचा तर करावा, परंतु मूळ जसा आहे तसा निराळा राखावा, आणि केलेल्या फोटोवर 'यंत्रानें केलेला' असें लिहावें. नाहीं तर आणखी तीस वर्षांनीं मूळ कोणता व नक्कल कोणती हें सांगणारा कोणी राहणार नाहीं, आणि घराण्याचीं नाकेंडोळे कोणा परक्या कारखान्यांत घडलेलीं असतील.

तरी यंत्रांचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. वंशशोधाचें जगांतील सर्वांत मोठें भांडार अमेरिकेंतील यूटा प्रांतीं आहे. तेथील मॉर्मन पंथाच्या लोकांनीं १८९४ सालीं यासाठीं एक मंडळी स्थापिली, १९३८ पासून जगभरच्या वह्यांचे सूक्ष्म फोटो घेण्यास आरंभ केला, आणि एका ग्रॅनाइटच्या डोंगरांत कोरलेल्या तिजोरींत ते ठेविले. फॅमिलीसर्च या त्यांच्या संकेतस्थळावर आज ते फुकट पाहतां येतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याहि त्यांनीं टिपल्या आहेत. आमचे नाशिक-त्र्यंबकेश्वराचे तीर्थोपाध्येहि यजमानांच्या अशाच वह्या राखीत आले आहेत, आणि आमच्या चित्पावन वगैरे बंधूंनीं आपापलीं कुलवृत्तांतें छापून ठेविलीं आहेत, हें येथें सांगणें अवश्य आहे. या बाबतींत आम्ही ख्रिस्ती लोक त्यांच्या मागें आहों. परंतु कॅथलिक देवळांच्या वह्यांसंबंधानें एक गोष्ट वाचकांस ठाऊक असावी. ५ एप्रिल २००८ रोजीं रोमच्या धर्मगुरुविषयक खात्यानें पत्र काढून, देवळांच्या वह्या या मंडळीस टिपूं देऊं नयेत असें बिशपांस कळविलें. कारण असें कीं, त्या पंथांत मृत माणसांच्या नांवें दुसऱ्यानें बाप्तिस्मा घेण्याचा विधि आहे, आणि त्याकरितां हीं नांवें उपयोगांत येतात. आम्हांस त्या मंडळीच्या श्रमाविषयीं आदर आहे. तथापि आमच्या वहींतील पणजोबांचा बाप्तिस्मा एकदां झालेला आहे.

म्हणून आमच्या वह्या आम्हीच टिपाव्या. कांचेखालीं दाबून जुनी शिवण मोडूं नये. वही उशीवर अर्धी उघडून वरून फोटो घ्यावा. फोटोंचें काम त्याहून सोपें आहे. साधा स्कॅनर सहाशें ठिपके प्रतिइंच या प्रमाणावर लावावा, मागील बाजूहि टिपावी, आणि एक प्रत घरीं, एक नातेवाइकाकडे व एक दूरच्या गांवीं ठेवावी. फोटोच्या पाठीवर नांव लिहावयाचें तर मऊ शिसपेन्सिलीनें. बॉलपेनची रेघ पुढल्या बाजूस चेहऱ्यावर उमटते. चिकटपट्टी तर मुळींच लावूं नये. वंशवृक्ष लिहिण्यास ग्रॅम्प्स नांवाचें एक फुकट सॉफ्टवेअर आहे, तें आपल्याच संगणकांत राहतें. निरनिराळ्या सॉफ्टवेअरांत माहिती नेण्या-आणण्याची जेडकॉम नांवाची जी रीत १९८४ पासून चालत आली आहे, तिच्या २०२१ च्या सातव्या आवृत्तींत सर्व लिप्या एकाच सांकेतिक पद्धतीनें लिहिल्या जातात. म्हणजे आतां बस्त्यावास बस्त्याव असेंच देवनागरींत लिहितां येतें. आमची सूचना अशी कीं, वहींतलें पोर्तुगीज नांव, घरचें नांव व आळी हीं तीनहि लिहावीं, आणि प्रत्येक नांवाखालीं तें कोणत्या वहींत, कोणत्या पानावर पाहिलें तें लिहावें. ज्या फांदीखालीं पानाचा आंकडा नाहीं ती पेन्सिलीनें लिहिलेली समजावी.

शेवटीं एका नाजूक विषयाकडे येतों. वहींत 'पाइ इन्कॉग्नितो', पिता अज्ञात, असे शब्द येतात. प्लेगच्या सालीं, म्हणजे सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत सांथ सुरू झाल्यापासून पुढें, अनाथ मुलें दुसऱ्या घरीं वाढलीं व त्या घरचींच झालीं, असेंहि घडलेलें आहे. शंभर-सव्वाशें वर्षांनीं त्यांचा वंशज आमच्यापुढें खुर्चींत बसतो, आणि वही आमच्या हातांत असते. त्यास सांगावें कीं न सांगावें? संत पौलानें तीमथ्यास व तीताला न संपणाऱ्या वंशावळींच्या नादास लागूं नका असें बजाविलें आहे, तें आम्ही विसरत नाहीं. पण संत मत्तयानें प्रभूची वंशावळ लिहितांना तामार, राहाब, रूथ व उरीयाची स्त्री या चौघींस वगळलेलें नाहीं, हेंहि आमच्या डोळ्यांपुढें असतें. आम्हीं आपल्यापुरता नियम असा केला आहे: जें आपल्या स्वतःच्या सरळ पूर्वजासंबंधीं आहे आणि ज्यांतील सर्व माणसें कधींच वारलीं आहेत, तें मागितलें असतां सांगावें, एकांतांत सांगावें, आणि महाजालावर टाकूं नका असें विनवावें. जें शेजाऱ्याच्या घराविषयीं आहे तें सांगूं नये. आमच्याकडे वंशावळ बहुधा जमिनीच्या वारसनोंदीसाठीं किंवा जातीच्या दाखल्यासाठीं मागतात. तेथें भावाभावांत फिर्यादी चालूं असतात, आणि एका ओळीनें केवढी आग लागते तें आम्हीं पाहिलेलें आहे. जिवंत माणसांचीं नांवें, जन्मतारखा व फोटो सार्वजनिक वंशवृक्षावर घालूं नयेत.

थुंकीवरून वंश सांगणाऱ्या कंपन्यांविषयीं विचारणारे तरुणहि येतात. त्यांत खरें शास्त्र आहे, आणि चुलतभावाचें किंवा बापाचें नातें ती परीक्षा खात्रीनें सांगते. परंतु अमेरिकेंतील अशाच एका विख्यात कंपनीकडील सुमारें एकोणसत्तर लाख गिऱ्हाइकांची माहिती २०२३ मध्यें चोरट्यांच्या हातीं गेली, आणि मार्च २०२५ मध्यें त्या कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. वही हरवली तर एका गांवाचें नुकसान होतें. थुंकी दिलेल्या माणसाबरोबर त्याच्या भावंडांचें, मुलांचें व न विचारलेल्या चुलत्यांचेंहि गुपित जातें.

ज्युबिलीच्या प्रदर्शनासाठीं लोकांनीं ज्या तसबिरी दिल्या त्यांपैकीं ज्यांची ओळख लागली नाहीं त्यांच्या नकला आम्हीं सभागृहाच्या भिंतीवर लाविल्या आहेत. प्रत्येकीखालीं एक कोरा कागद व दोरीनें बांधलेली पेन्सिल आहे. रविवारच्या मिस्सेनंतर म्हातारीं माणसें तेथें थांबतात, चष्मे पुसतात, आणि वाद घालतात. तीन मुली व एक कुत्रा असलेल्या एका फोटोखालीं आतांपर्यंत दोन घराण्यांनीं हक्क सांगितला आहे. कुत्र्याचें नांव मात्र दोघांनींहि सारखेंच लिहिलें आहे. तेव्हां ज्यांच्या घरीं नव्वदीच्या पुढचें माणूस आहे त्यांनीं त्यास येत्या रविवारीं रिक्षांत घालून आणावें. सभागृह दुपारीं एकपर्यंत उघडें असतें.